आभाळाची नोंद ठेवणारा डबा

आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी पीव्हीसी पाइपचा वीतभर उंच तुकडा उभा आहे. डोक्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचा, अर्ध्या नारळाएवढा घुमट. आत फिशआय लेन्स, तिच्याखाली नखाएवढा सेन्सर आणि तळाशी पत्त्यांच्या जोडाएवढा रास्पबेरी पाय संगणक. हा ऑल-स्काय कॅमेरा. दुर्बीण एखादा तारा निवडते. हा काहीच निवडत नाही. चारही क्षितिजांमधलं सगळं आभाळ एका गोल चित्रात घेत रात्रभर उताणा पडून असतो.

कल्पना जुनी आहे. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात ध्रुवीय प्रकाश टिपायला असे कॅमेरे अनेक ठिकाणी लावले होते. आता तेच काम घरच्या गच्चीवर होऊ शकतं. मात्र त्याला आधी नीट शिकवावं लागतं आणि मग रोज सांभाळावं लागतं.

शिकवणी अक्षांश-रेखांशापासून सुरू होते. ते दिले की सूर्य क्षितिजाखाली कधी किती अंश गेला, हे संगणक स्वतः काढतो. आम्ही ६ अंशांची खूण ठेवली आहे; तिथे दिवसाची सेटिंग संपून रात्रीची सुरू होते. दुपारी सेकंदाच्या काही हजाराव्या भागाचं एक्सपोजरही जास्त होतं, अमावास्येला ३० सेकंदही कमी वाटतात. मग दिशा. आकाशाचा नकाशा डोक्यावर धरून वाचायचा असतो, म्हणून उत्तर वर ठेवली की पूर्व डावीकडे येते. नवा माणूस इथे हमखास गोंधळतो.

सगळ्यात चिकाटीचं काम फोकसचं. लेन्सची फोकल लेंग्थ दोन-अडीच मिलिमीटर. कडं केसभर सरकलं तरी ताऱ्याचा ठिपका फुगतो. चंद्र नसलेल्या रात्री एक ठळक तारा धरायचा, कडं किंचित फिरवायचं, पुढच्या चित्राची वाट पाहायची, पुन्हा फिरवायचं. ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झाला की स्क्रू आवळायचा आणि त्याला परत हात लावायचा नाही.

उन्हाळ्यात सेन्सर तापतो आणि चित्रात लाल, हिरवे, निळे ठिपके उगवतात, जणू नवे तारेच. त्यासाठी डार्क फ्रेम घ्यायच्या: लेन्स पूर्ण झाकून, तेवढ्याच एक्सपोजरचे, वेगवेगळ्या तापमानांचे फोटो. संगणक त्या रात्रीच्या तापमानाला जुळणारी फ्रेम शोधून चित्रातून वजा करतो आणि खोटे तारे विझतात.

थंडीतला शत्रू म्हणजे दव. पहाटे तीनच्या सुमारास घुमटावर थेंब धरले की उरलेली रात्र गेली. म्हणून लेन्सभोवती छोट्या रेझिस्टरची माळ आहे. चार-पाच वॅटची ऊब घुमटाला दवबिंदूच्या वर ठेवायला पुरते. आतल्या दमटपणासाठी सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करायचे. पावसाळ्यापूर्वी रबरी वॉशर आणि सिलिकॉनचे सांधे तपासायचे.

पहिल्या वर्षी मी एक चूक केली. घुमटावरची धूळ कोरड्या फडक्याने खसाखसा पुसली. धुळीच्या कणांनी ॲक्रिलिकवर बारीक ओरखडे पाडले आणि पुढच्या पौर्णिमेला चंद्राभोवती प्रकाशाच्या काड्या उमटल्या. शेवटी घुमट बदलावा लागला. तेव्हापासून आधी पाणी ओतून धूळ वाहू द्यायची, मग मऊ ओल्या कापडाने हलकेच टिपायचं.

या सगळ्याचं फळ सकाळी मिळतं. हिवाळ्यातल्या दहा तासांत १,२०० चित्रं जमतात. सेकंदाला २५ या वेगाने लावली की अख्खी रात्र ४८ सेकंदांत डोळ्यांसमोरून जाते. सगळी चित्रं एकमेकांवर ठेवली तर ताऱ्यांची वर्तुळं दिसतात. पुण्याहून ध्रुव तारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर, म्हणून वर्तुळांचा मध्य चित्राच्या उत्तर कडेशी येतो. प्रत्येक चित्रातली फक्त मधली उभी रेघ घेऊन त्या ओळीने लावल्या की होतो कीओग्राम. ढग कधी आले, चंद्र कधी उगवला, उजाडलं कधी, सगळं एका पट्टीत वाचता येतं.

या जातीचे मोठे कॅमेरे विज्ञानालाही हवे असतात. भारतीय भूचुंबकत्व संस्थेने कोल्हापुरातून अशाच इमेजरने ६३० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश टिपला आहे. सुमारे २५० किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन तो देतो. त्यातले काळे पट्टे म्हणजे आयनमंडलातले प्लाझ्माचे बुडबुडे. जीपीएसच्या संदेशात तेच अडथळा आणतात. आणि ११ मे २०२४च्या रात्री एकच्या सुमारास लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या ऑल-स्काय कॅमेऱ्याने क्षितिजावरचा तांबडा ध्रुवीय प्रकाश पकडला. भारतातून तो क्वचितच दिसतो. त्या रात्री कॅमेरा रोजच्यासारखाच चालू होता, म्हणून ते चित्र आपल्याकडे आहे.

आमच्या पुणेरी आभाळात तसं काही दिसेल, असं नाही. बहुतेक रात्री दिसतात ते ढग, विमानं, शहराचा उजेड आणि नशीब असेल तर एखादी उल्का. तरीही रोज सकाळी टाकी भरेपर्यंत मी तांब्याभर पाणी घुमटावर ओततो, कापडाने टिपतो आणि पुडीतले दाणे निळे आहेत ना, ते पाहतो.