कॉर्कमधलं हर्लिंग: एक काउंटी, अडीचशे क्लब, एक वेळापत्रक

आयर्लंडबाहेरच्या माणसाला हर्लिंग दिसतं ते बहुधा वर्षातून एकदा, जुलैमधल्या ऑल-आयर्लंड अंतिम सामन्याच्या चित्रफितीत. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ८२ हजारांच्या आसपास प्रेक्षक, मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला उडणारा चेंडू आणि डोळा लवेपर्यंत झालेला गोल. मैदानावरच्या तीस खेळाडूंपैकी एकालाही खेळण्याचा पगार मिळत नाही. सामन्यानंतर कुणी शाळेत शिकवायला जातो, कुणी शेतावर, कुणी बँकेत. आणि थोड्याच आठवड्यांत हेच खेळाडू आपापल्या गावच्या क्लबचा शर्ट चढवून एकमेकांविरुद्ध उभे राहतात.

त्या अंतिम सामन्यापेक्षा मला काउंटीच्या समितीखोलीत चालणारं काम जास्त थक्क करतं. सहा वर्षांच्या पोरापासून चाळिशीच्या हौशी गड्यापर्यंत प्रत्येकाला, त्याच्या ताकदीच्या प्रतिस्पर्ध्याशी, ठरल्या दिवशी, पंचासकट सामना मिळवून द्यायचा आणि तोही बहुतांश स्वयंसेवकांच्या जिवावर! हे कसं चालतं ते पाहायला कॉर्क बरं. क्षेत्रफळाने ती देशातली सर्वांत मोठी काउंटी आहे. तिथे अडीचशेहून जास्त क्लब आहेत, आणि हर्लिंग व गेलिक फुटबॉल दोन्ही तितक्याच हिरिरीने खेळले जातात, त्यामुळे गुंताही दुप्पट.

खेळ थोडक्यात

दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. प्रत्येकाच्या हातात अ‍ॅश झाडाच्या लाकडाची, टोकाला चपटी पसरट काठी; तिला हर्ली म्हणतात. चामड्याचा छोटा चेंडू म्हणजे स्लिटर, वजन साधारण ११० ते १२० ग्रॅम. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा. चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण, खालच्या जाळीत गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. धावफलकावर २-१५ दिसलं की दोन गोल आणि पंधरा गुण, एकूण एकवीस. काउंटी-काउंटीतला सीनियर सामना ७० मिनिटांचा, क्लबचा ६० मिनिटांचा. २०१० पासून सगळ्या पातळ्यांवर हेल्मेट सक्तीचं आहे.

काउंटी बोर्ड म्हणजे कोण

गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, सगळे म्हणतात तसं जीएए, १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरीतल्या थर्लेस गावच्या एका हॉटेलात स्थापन झाली. मायकेल कुसॅक हे तिच्यामागचे मुख्य माणूस, मॉरिस डेव्हिन पहिले अध्यक्ष. रचना खालून वर जाते: क्लब, काउंटी, मन्स्टर-लेन्स्टर-अल्स्टर-कॉनाक्ट हे चार प्रांत आणि वर केंद्रीय समिती. सुरुवातीच्या ऑल-आयर्लंड स्पर्धांत काउंटीचा वेगळा निवडक संघ नसे. काउंटीचा विजेता क्लबच काउंटीच्या वतीने जाई. १८९१ ची स्पर्धा केरीने जिंकली ती बॅलीडफ क्लबच्या बळावर. क्लब आधी आणि काउंटी नंतर, हा क्रम तेव्हापासूनचा आहे.

काउंटी बोर्ड म्हणजे या क्लबांच्या प्रतिनिधींचीच सभा. वार्षिक अधिवेशनात अध्यक्ष, खजिनदार, प्रशिक्षण अधिकारी वगैरे निवडले जातात; मोठ्या काउंट्यांत सचिव पूर्णवेळ पगारी असतो, बाकीचे संध्याकाळी नोकरीवरून थेट सभेला येतात. आपल्याकडच्या जिल्हा कबड्डी असोसिएशनचं काम डोळ्यांसमोर आणलं तर अंदाज येईल, फक्त इथे निवड चाचणी आणि वार्षिक स्पर्धेवर भागत नाही. दर आठवड्याला, सगळ्या वयोगटांत आणि सगळ्या श्रेण्यांत मिळून ढीगभर सामने लावावे लागतात. त्यासाठी स्पर्धा नियंत्रण समिती असते. काउंटीत सर्वांत जास्त शिव्या खाणारी समिती हीच.

खेळाडू कोणत्या क्लबचा, हे त्याच्या मर्जीवर फारसं नसतं. क्लब बहुधा चर्चच्या पॅरिशशी, म्हणजे गावाच्या जुन्या हद्दीशी बांधलेला असतो. काही काउंट्यांत हा नियम कडक, काहींत सैल. क्लब बदलायचा तर काउंटीकडे रीतसर अर्ज करावा लागतो, आणि तो सहज मंजूर होत नाही. याने चुरस टिकते, पण लोकसंख्या घटलेल्या किनाऱ्यावरच्या गावांत पंधरा पोरं जमत नाहीत. मग शेजारचे दोन-तीन क्लब लहान वयोगटांसाठी एकत्र संघ करतात. मोठेपणी तीच पोरं पुन्हा आपापल्या गावाकडून, म्हणजे एकमेकांविरुद्ध खेळतात.

पोरांचं खातं

कॉर्कमध्ये लहान मुलांच्या स्पर्धांचा कारभार रेबेल ओग नावाची वेगळी समिती पाहते. बाराव्या वर्षापर्यंत 'गो गेम्स' हे धोरण लागू असतं. मैदान छोटं, संघ छोटे, आणि आलेल्या प्रत्येक मुलाला पूर्ण वेळ खेळायला मिळालंच पाहिजे. गुणतक्ता नाही, चषक नाही. जिंकण्याची चटक लागलेल्या बापांना हे पचत नाही. मैदानाच्या कडेला उभं राहून ते मनातल्या मनात गुण मोजतच असतात. तरी हा नियम मला शहाणपणाचा वाटतो. आठ वर्षांचा मुलगा राखीव बाकावर बसून हर्लिंग शिकत नाही. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी चेंडू मारणं, धावता धावता काठीवर तो तोलणं, हे हजारो वेळा करून हातात बसतं.

त्याच वेळी प्राथमिक शाळाही कामाला लागलेल्या असतात. शाळांच्या स्पर्धा शिक्षक चालवतात, आणि उन्हाळ्यात क्लबांच्या मैदानांवर 'कूल कॅम्प' भरतात. कॉर्क शहरात अ‍ॅपलचं मोठं कार्यालय आहे. तिथे आणि इतर कंपन्यांत नोकरीसाठी आलेल्या भारतीय घरांतल्या, त्यात मराठीही आल्या, मुलांची या खेळाशी गाठ पडते ती शाळेत किंवा अशा शिबिरात. आईबापांना नियम उमगायच्या आत पोरगं हर्ली मागायला लागतं.

प्रशिक्षक म्हणून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक पालकाला तीन गोष्टी कराव्याच लागतात: आयरिश पोलिसांमार्फत पार्श्वभूमीची पडताळणी, बालसुरक्षेचं प्रशिक्षण आणि प्रशिक्षणाचा प्राथमिक अभ्यासक्रम. प्रत्येक क्लबला एक बाल अधिकारी नेमावा लागतो. नोंदणी 'फोरान' या ऑनलाइन यंत्रणेवर होते.

बाराव्या वर्षानंतर स्पर्धा खऱ्या अर्थाने सुरू होते. रेबेल ओग क्लबांना ताकदीनुसार 'प्रीमियर १', 'प्रीमियर २' आणि त्याखालच्या श्रेण्यांत बसवते. ही प्रतवारी दर वर्षी नव्याने होते, कारण एखाद्या गावात एका साली जन्मलेली पोरं दणकट निघतात आणि पुढच्या साली सहाच पोरं असतात. १९७१ मध्ये सुरू झालेली फेला ना गेल ही क्लबांची राष्ट्रीय बालस्पर्धा. पूर्वी त्यात पोरं परक्या काउंटीतल्या घरांत पाहुणी म्हणून राहत. आता ती आटोपशीर, एका दिवसाची झाली आहे.

याच वयात काउंटीची निवड पथकं तयार होतात, आणि इथे माझी नापसंती नोंदवतो. तेराव्या वर्षी निवडलेला मुलगा बहुतेकदा फक्त लवकर वाढलेला असतो. राहून गेलेला मुलगा मात्र आपल्याला जमत नाही असं ठरवून टाकतो. कॉर्कने वीस वर्षांखालील ऑल-आयर्लंड २०२०, २०२१ आणि २०२३ अशी तीनदा जिंकली, पण सीनियर चषक २००५ नंतर आला नाही. २०२१, २०२४ आणि २०२५ अशा तीन अंतिम सामन्यांत हार झाली. पथकांचा पुरवठा उत्तम असूनही वरचा हिशेब आपोआप जुळत नाही.

सतरा की अठरा

मायनर म्हणजे काउंटीचा कुमार संघ २०१७ पर्यंत अठरा वर्षांखालचा होता. २०१८ पासून तो सतरा वर्षांखालचा झाला. शाळेची शेवटची परीक्षा आणि खेळ एकाच वेळी अंगावर येऊ नयेत, तसंच कोवळ्या पोराला एकाच आठवड्यात मायनर आणि प्रौढ अशा दोन्ही संघांकडून जुंपलं जाऊ नये, हा हेतू. पण क्लब पातळीवर याचा काच बसला. सतरा संपलेल्या पोराला एकदम तिशीच्या गड्यांत जागा मिळेना, आणि छोट्या क्लबांना प्रौढ संघासाठी हीच पोरं हवी होती. सम वयोगट ठेवायचे की विषम, यावर काउंट्यांत वर्षानुवर्षं वाद झाले. खेळ सोडणाऱ्यांची गळती याच फटीतून होते, म्हणून हा वाद वाटतो तेवढा किरकोळ नाही.

पाच पायऱ्या आणि मधले विभाग

२०२० पासून कॉर्कने प्रौढ क्लबांची काउंटी स्पर्धा नव्याने बांधली: प्रीमियर सीनियर, सीनियर ए, प्रीमियर इंटरमिजिएट, इंटरमिजिएट ए आणि त्याखालची प्रीमियर ज्युनियर अशा पाच पायऱ्या, प्रत्येकीत बारा संघ, चार-चारचे तीन गट. विजेता वर चढतो, तळाचा खाली घसरतो. पूर्वी एक-दोन सामने हरलं की क्लबचं वर्ष आटोपत असे. आता तीन सामन्यांची हमी आहे. खेळाडूच्या दृष्टीने या सुधारणेचा सर्वांत मोठा लाभ हाच. या पायऱ्यांखालचे ज्युनियर क्लब आपापल्या विभागात खेळतात.

हे विभाग कॉर्कचं वैशिष्ट्य आहे. इमोकिली, डुहॅलो, कार्बेरी, अव्हॉन्डू असे भाग आपापले ज्युनियर सामने चालवतात, आणि खालच्या श्रेण्यांतल्या क्लबांचे निवडक खेळाडू घेऊन एक संयुक्त संघ थेट सीनियर स्पर्धेत उतरवतात. म्हणजे लहान गावातल्या चांगल्या खेळाडूला क्लब न सोडता ब्लॅकरॉक किंवा सेंट फिनबार्ससारख्या शहरी क्लबशी दोन हात करता येतात. इमोकिलीने २०१७ ते २०१९ सलग तीनदा काउंटी जिंकली, तेव्हा शहरात कुरकुर झाली: एका क्लबने अनेक गावांच्या निवडक संघाशी का लढावं? २०२४ मध्ये इमोकिली पुन्हा जिंकलं. पण विभागीय संघाला प्रांताच्या क्लब स्पर्धेत प्रवेश नसतो, म्हणून अंतिम सामन्यात हरलेला सार्सफील्ड्स क्लब पुढे गेला. या हरलेल्यांनी मन्स्टर जिंकलं आणि जानेवारी २०२५ मध्ये ऑल-आयर्लंड क्लब अंतिम सामनाही गाठला; तिथे डब्लिनच्या ना फिआनाने त्यांना हरवलं.

तारखांचं भांडण

ऑल-आयर्लंड अंतिम सामना पूर्वी सप्टेंबरात होई. काउंटीचा संघ स्पर्धेत असेपर्यंत त्याच्या प्रशिक्षकाला आपले खेळाडू क्लबला सोडायचे नसत, आणि क्लबच्या शेकडो खेळाडूंचे सामने पुढे पुढे ढकलले जात. लग्न कधी करावं, सुटीला कधी जावं, काही ठरवता येत नसे. २०१८ मध्ये एप्रिल महिना क्लबसाठी राखून पाहिला. प्रशिक्षकांनी त्यातूनही वाटा काढल्या. २०१७ मध्ये स्थापन झालेल्या क्लब खेळाडूंच्या संघटनेने वर्षाचे दोन तुकडे करायची मागणी लावून धरली. ती २०२१ मध्ये मान्य झाली, आणि काम संपलं म्हणून संघटनेने स्वतःलाच विसर्जित केलं. असं फार कमी संघटना करतात!

२०२२ पासून जुलैपर्यंत काउंटी, त्यानंतर क्लब. टीका अशी की ऑगस्ट-सप्टेंबरात मोठे सामने नसल्याने टीव्हीवरची जागा रग्बी आणि सॉकर घेतात. टीका खरी आहे. तरीही क्लबच्या खेळाडूला जानेवारीतच आपल्या सामन्यांचे आठवडे कळतात, हे मला जास्त मोलाचं वाटतं. कॉर्कसारख्या दुहेरी काउंटीत मात्र नवं कोडं उभं राहिलं. तोच खेळाडू एका आठवड्यात हर्लिंग आणि पुढच्या आठवड्यात फुटबॉल खेळतो, दोन्ही स्पर्धा ऑक्टोबरपर्यंत संपवायच्या, आणि तो जखमी झाला तर दोन संघ लंगडे होतात.

पंच आणि कागद

एका पंचाबरोबर दोन्ही गोलांमागे मिळून चार सहायक लागतात, पांढऱ्या कोटातले; गोल झाला की हिरवा झेंडा, गुण झाला की पांढरा. हे चौघे पंच स्वतःच आणतो, बहुधा भाऊ, मेहुणे, क्लबमधले मित्र. संघाची यादी आयरिश भाषेत द्यावी लागते. अपात्र खेळाडू उतरवल्याच्या हरकतीवर सामने फिरलेले आहेत, आणि एके काळी अर्ज आयरिश बनावटीच्या कागदावर नाही म्हणूनही ते बाद होत. दाद काउंटीच्या सुनावणी समितीकडून प्रांताकडे जाते, आणि २००५ पासून शेवटी एका स्वतंत्र लवादाकडे, त्यामुळे कोर्टाच्या पायऱ्या चढणं कमी झालं.

खर्चात हर्लीचा वाटा वाढतो आहे. अ‍ॅशच्या झाडांना मारणारा बुरशीजन्य रोग आयर्लंडमध्ये २०१२ मध्ये आढळला. देशी लाकूड आटत चाललं, आणि बांबूच्या व कृत्रिम काठ्या बाजारात आल्या. काठ्या मोडतात, पोरं वाढतात, तीन मुलांच्या घराला हे जाणवतं.

जिथे क्लबच नाहीत

कॉर्क, किलकेनी, टिपरेरीत अडचण गर्दीची असते. उत्तरेकडच्या आणि मधल्या काही काउंट्यांत मूठभरच क्लब आहेत, तिथे स्पर्धा लावायची कुणाशी? २०२३ मध्ये कॅव्हन, फर्मना, लीट्रिम, लाँगफर्ड आणि लाउथ या पाच काउंट्यांचे संघ राष्ट्रीय लीगमधून वगळावेत आणि पैसा मुलांच्या हर्लिंगकडे वळवावा असा प्रस्ताव आला. हिशेबाने तो चुकीचा नव्हता, पण काउंटीचा शर्टच नाही तर पोरगं कशासाठी सराव करील, असा सवाल उठला आणि प्रस्ताव बारगळला. त्यापेक्षा काउंटीची हद्द ओलांडून शेजारच्या क्लबांशी खेळवणारी 'टॉइन ओग'सारखी लीग जास्त कामाची ठरते.

मुलींचा खेळ, तेच मैदान

मुली-स्त्रियांचं हर्लिंग म्हणजे कमोगी. तिची संघटना १९०४ पासून वेगळी आहे. ती आणि महिला गेलिक फुटबॉलची संघटना जीएएमध्ये विलीन करण्याचं काम आयर्लंडच्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअ‍ॅलीस यांच्या अध्यक्षतेखालील गटाने हाती घेतलं असून २०२७ हे लक्ष्य ठरवलं आहे. गावोगावी क्लब तेच, पालक तेच आणि मैदान बहुतेक ठिकाणी एकच. कॉर्कच्या नियंत्रण समितीला तेव्हा हर्लिंग, फुटबॉल, कमोगी आणि महिला फुटबॉल अशा चार खेळांच्या तारखा, तेवढ्याच उजेडात आणि तेवढ्याच मैदानांवर बसवाव्या लागतील. प्रकाशझोत असलेली मैदानं वाढवण्याचा आग्रह क्लब धरतात तो यासाठीच.