चाकात साठवलेली वीज

वीज साठवायची म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बॅटरी येते. परंतु वीज फिरत्या चाकातही साठवता येते. अशा चाकाला इंग्रजीत फ्लायव्हील आणि मराठीत प्रचक्र म्हणतात. नाव अनोळखी वाटले तरी वस्तू आपल्या परिचयाची आहे. माझ्या वडिलांनी विहिरीवरच्या ज्या ऑइल इंजिनाचे हँडल वर्षानुवर्षे मारले, त्याचे जड चाक म्हणजे प्रचक्रच. इंजिनाच्या दट्ट्याच्या चार धावांपैकी एकाच धावेत इंधन जळून जोर मिळतो. उरलेल्या तीन धावा हे चाक आपल्या अंगच्या गतीवर निभावून नेते.

विजेसाठीही हेच तत्त्व वापरतात. वीज जास्त असते तेव्हा मोटर चाकाला वेग देते. वीज कमी पडली की तीच मोटर जनित्र बनते आणि चाकाची गती विजेच्या रूपाने परत मिळते. त्याच आकाराच्या चाकाचे वजन दुप्पट केले तर साठा दुप्पट होतो. पण वेग दुप्पट केला तर साठा चौपट! म्हणून ही चाके अतिशय वेगाने फिरवतात आणि हवेचे घर्षण टाळण्यासाठी बंद पेटीत, निर्वातात किंवा विरळ वायूत ठेवतात.

असे चाक गावाला रात्रभर वीज पुरवील काय? नाही. ते पुरते बहुधा काही सेकंद, फार तर काही मिनिटे. मग त्याचा उपयोग काय? विजेची निर्मिती आणि मागणी यांचा मेळ क्षणोक्षणी बसावा लागतो. मोठ्या वीजजाळ्यात असंख्य ग्राहकांचे चढउतार एकमेकांत जिरून जातात. लहान जाळ्यात मात्र एका यंत्राचा धक्का सर्वांना बसतो. पिठाची गिरणी सुरू होताच घरातला दिवा मंदावतो, हे खेड्यातून आलेल्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

अलास्कातील कोडिअ‍ॅक बेटापुढे हाच प्रश्न उभा राहिला. तेथील जाळे मुख्य भूमीशी जोडलेले नाही. वीज पुरवते ती ग्राहकांची सहकारी संस्था. डिझेलचा खर्च टाळण्यासाठी तिने जलविद्युतीच्या जोडीला २००९ मध्ये तीन आणि २०१२ मध्ये आणखी तीन पवनचक्क्या उभारल्या. वाऱ्याचे चढउतार सांभाळण्यास बॅटऱ्या होत्या. पुढे बंदरात डिझेलच्या क्रेनऐवजी मोठी विजेची क्रेन आणायचे ठरले. जहाजावरचा प्रत्येक कंटेनर उचलताना ती एकदम वीज ओढणार आणि लगेच सोडणार. पाण्याचा प्रवाह इतक्या झटपट वाढवता येत नाही, आणि सततच्या धक्क्यांनी बॅटऱ्या लवकर झिजतात. तेव्हा २०१५ मध्ये प्रत्येकी एक मेगावॅटची दोन प्रचक्रे बसवण्यात आली. हजारो वेळा भरण्या-रिकामे होण्याचा चाकाला विशेष त्रास होत नाही.

वारा आणि ऊन बेभरवशाचे, म्हणून लहान गावांनी त्यांच्या नादी लागू नये, असे सहज बोलले जाते. कोडिअ‍ॅकने तासांची तरतूद तळ्यातल्या पाण्याने केली आणि सेकंदांची चाकाने. आपल्या वाड्या-वस्त्यांवर अशी वीज आणू पाहणाऱ्यांनी प्रथम एवढेच विचारावे : आपल्याला उणीव आहे ती तासांची, की सेकंदांची?