चार धबधब्यांची वाट आणि अम्मीचे गुडघे

ब्रिटनमध्ये मुलगी, भाऊ किंवा दीर असलेले घर आपल्या कोकणात आता विरळा राहिलेले नाही. मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे जाणाऱ्यांचा कार्यक्रमही ठरलेला असतो. लंडनचा पूल, राजवाडा, एखादा मोठा मॉल आणि उरलेले दिवस नातेवाइकांकडच्या दावती. त्यातला एक दिवस वेल्ससाठी काढावा, असे माझे मत आहे. वेल्सची राजधानी कार्डिफ. तिथून मोटारीने साधारण तासाभरावर, हिरवाइन, अस्ट्राडव्हेल्टे आणि पाँटनेदव्हेख़न या तीन गावांच्या मधे धबधब्यांचा एक मुलूखच आहे. गेल्या मे महिन्यात कार्डिफला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीकडे आम्ही गेलो, तेव्हा या वाटेची आखणी करण्याचे काम माझ्याकडे आले. सहल आखण्याची शिक्षकांना सवय असते, असे सर्वांनी परस्पर ठरवून टाकले.

आधी नावांचे पाहू, कारण तिथल्या पाट्या वाचताना पाहुणा पहिल्यांदा अडखळतो तो तिथेच. सगळ्या पाट्या वेल्श आणि इंग्रजी अशा दोन भाषांत असतात. वेल्शमधला ‘ख़’ म्हणजे आपल्या उर्दूतला ‘ख़े’, ‘ख़बर’मधला. दोन ‘डी’ जोडून लिहिले की तजवीदीत शिकवतात तो जिभेचे टोक दातांत धरून काढायचा ‘ज़ाल’. मदरशात मख़रज घोटलेल्या मुलांना ही अक्षरे इंग्रजांपेक्षा सोपी जातात. माझ्या मुलीने दोन दिवसांत गावाचे नाव असे उच्चारले की मेहुणे बघतच राहिले. रस्त्यावर जागोजागी पांढऱ्या रंगात ‘अराफ’ अशी अक्षरे दिसतात. मुलगा म्हणाला, ‘अम्मी, सूरह अल-आराफ!’ त्याचा खरा उच्चार ‘आराव’ आणि अर्थ ‘सावकाश’. ‘स्गूड’ म्हणजे दक्षिण वेल्सच्या बोलीत धबधबा. ‘स्गूड अर एयरा’ म्हणजे बर्फाचा धबधबा. ‘स्गूड अ पानूर’ हा लोकरीचे कापड धुऊन घट्ट करणाऱ्या कारागिराचा धबधबा. हा सारा भाग ज्या राष्ट्रीय उद्यानात येतो ते १९५७ साली स्थापन झाले. इंग्रजीत त्याला ‘ब्रेकन बीकन्स’ म्हणत. २०२३ पासून उद्यानाने ‘बनाय ब्रख़ेइन्योग’ हे आपले वेल्श नावच वापरायला सुरुवात केली आहे.

सर्वांना ठाऊक असलेली वाट ‘चार धबधब्यांची’. मेल्टे नदीवर तीन: स्गूड क्लिन ग्विन, त्याच्या खालचा स्गूड इसाव क्लिन ग्विन आणि स्गूड अ पानूर. चौथा स्गूड अर एयरा शेजारच्या हेप्स्टे नदीवर. ग्वाइन हेप्स्टे किंवा कूम पोर्थ या वाहनतळांवरून निघून सगळे पाहून परत यायला आठेक किलोमीटर चालणे आणि तीन ते चार तास लागतात. आठ किलोमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण धबधबे दरीत आणि मुख्य वाट वर, त्यामुळे प्रत्येक धबधब्यासाठी उतरायचे आणि पुन्हा चढायचे. शेवटच्या धबधब्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या तर संपता संपत नाहीत.

इतक्या लहान भागात इतके धबधबे कसे, हा प्रश्न मुलांनी विचारलाच. नदीच्या तळाशी कठीण वालुकाश्म आणि त्याखाली मऊ, चिखलापासून झालेला खडक असे थर आहेत, तीस कोटी वर्षांहून जुने. पाणी खालचा मऊ थर खात जाते, वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे उरतो. स्गूड अर एयराला हा छज्जा एवढा पुढे आला आहे की पाण्याच्या पडद्यामागून माणूस आरपार चालत जातो. पूर्वी शेतकरी इथून मेंढरे पलीकडे नेत, असे सांगतात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे या खडकापुढे पोरवयाचा. दुसरा फरक पावसाचा. आपल्याकडचे बहुतेक धबधबे मृगात जागे होतात आणि दिवाळीनंतर झोपतात. तिथे पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडतो, म्हणून पाणी कायम असते.

आता आखणीचा खरा भाग. आमच्यात मेहुणे, बहीण, मी, माझी दोन मुले आणि अम्मी. अम्मी अडुसष्ट वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखरे. मेहुण्यांनी काळजीनेच सुचवले की अम्मींना घरी आराम करू द्यावा, किंवा त्यांनी गाडीत बसावे. अम्मींनी चहाचा कप खाली ठेवला. ‘सात समुद्र ओलांडून मी काय गाडीची राखण करायला आले?’ पाखाडीवरून डोक्यावर दोन हंडे घेऊन चढलेली बाई ती, ऐकणार थोडीच. पण तिचे ऐकून तिला आठ किलोमीटर चढ-उताराला नेणे हाही काही शहाणपणा नव्हता. मध्येच गुडघा धरला तर दरीतून उचलून आणायचे कसे?

म्हणून मी यादी उलटी केली. धबधबे किती पाहायचे हे शेवटी ठरवू, सर्वांत हळू चालणारे माणूस कुठपर्यंत सुखाने जाऊन परत येईल ते आधी ठरवू. उत्तर पाँटनेदव्हेख़न गावात सापडले. गावातल्या एंजल इन नावाच्या पबशेजारून एलिदिर नावाची वाट निघते आणि नदीकाठाने सुमारे दोन किलोमीटरवर स्गूड ग्लादिसपर्यंत पोहोचते. वाट बरीचशी सपाट. कारण तिथून एकेकाळी सिलिका खनिजाच्या गाड्या रुळांवरून जात. या खनिजाच्या भट्टीत न वितळणाऱ्या विटा होत आणि त्या जगभर गेल्या. पुढे काही जागी मुळे आणि दगड आहेत, हाताला आधार लागतो. ग्लादिस ही ब्रखन राजाची मुलगी, असे दंतकथा सांगते. त्याच राजाच्या नावावरून ‘ब्रख़ेइन्योग’ आले. शाळेतल्या मुलांना राजाच्या चोवीस मुली सांगितल्या तर गोष्ट चांगली रंगते.

मग दिवसाचे दोन तुकडे केले. सकाळी ताजे असताना सर्वांनी मिळून ग्लादिस. दुपारी जेवण आणि जुहर. त्यानंतर मी, मेहुणे आणि मुले ग्वाइन हेप्स्टेला. बहीण अम्मीजवळ गावात थांबणार. थांबायचेच असेल तर यजमानाने थांबावे, त्याला ही वाट पुढच्या महिन्यातही मिळते. पाहुणीला पुन्हा व्हिसा काढावा लागतो!

वार आम्ही मंगळवार घेतला. शनिवार-रविवारी, विशेषतः ऊन पडले तर, तिथले लहान वाहनतळ सकाळीच भरतात आणि अरुंद रस्त्यावर गाडी उभी केली की गावकऱ्यांची वाट अडते. गाडी नसेल तर कार्डिफहून अ‍ॅबरडेअरपर्यंत रेल्वे आहे, पुढे टॅक्सी करावी आणि परतीची वेळही तिच्याशी आधीच ठरवून घ्यावी.

मे-जून या वाटेला उत्तम, आणि सुदैवाने तेव्हाच आपली सुट्टी असते. मे महिन्याच्या मध्यावर तिथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. जुहर एक वाजून गेल्यावर सुरू होते आणि असरला, आम्हा शाफईंच्या हिशेबानेही, पाच वाजून जातात. म्हणजे मधे चार तास मोकळे. डिसेंबरात मात्र दुपारी चारच्या सुमारास मगरिब होते. तेव्हा ही वाट दुपारनंतर धरूच नये, दरीत त्याच्याही आधी अंधारते. किब्ला तिथे आग्नेयेकडे. आपण जन्मभर पश्चिमेला तोंड करणारी माणसे, त्यामुळे मोबाइलमधला होकायंत्र दाखवूनही मुलाला पटेना. वुजू मात्र घरून आणलेल्या बाटलीच्या पाण्याने करावा. ओल्या शेवाळावर वाकून नदीचे पाणी घेण्यात काही विशेष पुण्य नाही.

पायात चांगली पकड असलेले बूट हवेत. कोकणी चपला नकोत, नव्या कोऱ्या पांढऱ्या बुटांचे तर बोलूच नये. लांब घेराचा बुरखा चिखलाने भिजून जड होतो आणि पायऱ्यांवर पायात येतो. घोट्याच्या वर राहणारा अबाया, खाली सैल पायजमा आणि वर पाणी न शिरणारे जाकीट हे सोयीचे. छत्री झाडाझुडपांत निरुपयोगी. जेवण घरून न्यावे, वाटेवर दुकान नाही आणि शौचालयही नाही. आम्ही भाकऱ्या, सुके मटण आणि थर्मासमध्ये चहा नेला होता. शेताच्या कडेला फाटके लागतात, ती जशी सापडली तशीच ठेवायची, उघडी तर उघडी, बंद तर बंद. मे महिन्यात कोकरे लहान असतात.

एका गोष्टीवर मात्र मी घरातच ताकीद दिली होती, पाण्यात उतरायचे नाही. मुलगा पंधरा वर्षांचा, गावच्या कोंडात पोहायला शिकलेला. त्याला ते अपमानास्पद वाटले. म्हणून कारण समजावून सांगितले. तिथले पाणी उन्हाळ्यातही फार थंड असते. पंधरा अंशांखालच्या पाण्यात अंग एकदम गेले की आपोआप मोठा श्वास ओढला जातो, तो आवरता येत नाही. तोंड त्या वेळी पाण्याखाली असेल तर पाणीच आत जाते. यात पोहता येते की नाही हा प्रश्नच उरत नाही, पट्टीचे पोहणारेही जातात. धबधब्याखालच्या कुंडात वरून दिसत नाहीत असे खडक आणि ओंडके असतात. कूम पोर्थजवळच ‘पोर्थ अर ओगोव’ ही गुहा आहे. मेल्टे नदी तिच्यात शिरते आणि काही अंतर जमिनीखालून वाहते. तिथे अनुभवी माणसांचेही बळी गेले आहेत. गुहेचे तोंड लांबून पाहावे. चुकून कुणी पाण्यात पडलेच, तर हातपाय न झोडता उताणे तरंगत राहावे, श्वास ताब्यात आला की मग काठाकडे वळावे. हे मी मुलांकडून दोनदा म्हणवून घेतले. मुलगा कंटाळला, पण त्याला पाठ झाले.

आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकलावा. पाणी वाढलेले असताना धबधबा सुंदर दिसतो, हे खरेच. पण त्याच पाण्याखाली पडद्यामागची वाट असते.

दरीत मोबाइलला बहुधा रेंज नसते. म्हणून ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल १२ क्रमांकाचा कागदी नकाशा जवळ ठेवावा. कोणत्या वाटेने जातो आणि किती वाजता परततो ते मागे राहणाऱ्याला सांगावे. संकटात ९९९ फिरवून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचे. हे पथक स्वयंसेवकांचे असते आणि पैसे घेत नाही. ९९९ ला मेसेजही जातो, पण त्यासाठी फोनची नोंदणी आधीच करावी लागते. बोलण्याइतकी रेंज नसली तरी कधी कधी मेसेज निघून जातो.

दिवस ठरल्याप्रमाणे पार पडला. सकाळी रानलसणीचा वास सगळ्या वाटेवर होता. मधल्या दगडांवर अम्मींनी मुलाचा खांदा धरला आणि सव्वा तासात ग्लादिस गाठला. अर्धगोल कड्यातून पाणी मोठ्या कुंडात पडते. अम्मी तिथल्या एका दगडावर बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, ‘पाणी काळे का दिसते गं?’ वरच्या दलदलीतल्या कुजलेल्या गवताचा रंग उतरतो म्हणून, हे मी सांगितले.

दुपारी आम्ही चौघे स्गूड अर एयराच्या मागून गेलो. आत बोललेले ऐकू येत नाही. मुलीने हात बाहेर काढून पाण्याला लावला आणि लगेच मागे घेतला. पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही गाडीपाशी होतो.

गावात परत आलो तर अम्मी आणि बहीण नदीकाठच्या जुन्या दारूगोळ्याच्या कारखान्याची माहिती वाचत बसलेल्या. खाणी आणि दगड फोडण्यासाठी तिथे १८५७ ते १९३१ सुरुंगाची दारू होई, वस्तीपासून दूर आणि नदीच्या जोरावर. अम्मींचे वडील आगबोटीवर खलाशी होते. त्यांच्या बोलण्यात कार्डिफचा कोळसा अम्मींनी लहानपणी ऐकला होता. तो कोळसा फोडणारी दारू इथलीच असेल का, असे त्यांनी विचारले. असेलही. परतीच्या रस्त्यावर मेहुणे हेनरिड धबधब्याबद्दल सांगत होते, नव्वद फूट उंच, दक्षिण वेल्समधला सर्वांत मोठा, चालणे थोडे पण उतार खडा. अम्मींनी मागच्या सीटवरून विचारले, ‘पायऱ्या किती?’