झिपची पस्तीसहून अधिक वर्षं, भंडाऱ्याच्या टेबलावरून

1989 मध्ये अमेरिकेत फिल काट्झ यांनी ‘पीकेझिप’ हे फाइली आवळून लहान करणारं सॉफ्टवेअर आणलं आणि झिप फाइलचा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला. आजच्या झिपमागचं गणित त्याहून जुनं आहे: हफमन यांची 1952 ची पद्धत आणि लेम्पेल-झिव यांचं 1977 चं संशोधन. पुन्हापुन्हा येणारा मजकूर एकदाच लिहायचा, पुढे नुसती खूण ठेवायची.

आम्हा भंडारेकरांना फाइल आवळणं फ्लॉपीने शिकवलं. तिच्यात मावायचं 1.44 एमबी. छपाईचं काम साठेक किलोमीटरवरच्या नागपूरला न्यायचं तर फाइल आधी आवळावी लागे, तीही डॉसच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून.

2001 मध्ये विंडोज एक्सपी आली. झिपची सोय तिच्यात आतच होती. त्याच वर्षी महाराष्ट्र ज्ञान महामंडळ (एमकेसीएल) स्थापन झालं आणि पुढे त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावांतली मुलं संगणकासमोर बसली. अडचण उरली ती मराठीची. फाइलचं नाव देवनागरीत असलं की एक्सपी ती झिप करायला नकार द्यायची. झिपच्या आराखड्यात युनिकोड नावांची तरतूद 2006 मध्ये झाली, पण विंडोजमध्ये ती रुळायला 2012 ची विंडोज 8 यावी लागली. मराठी मजकूर मात्र झिपमध्ये छान आवळला जातो, कारण युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि त्यांतले पहिले दोन जवळपास तेच ते असतात. जेपीजी फोटो आधीच आवळलेले असतात, त्यामुळे ते फारसे लहान होत नाहीत.

2024 मध्ये विंडोज 11 ने सेव्हन-झेड आणि टार फाइल बनवण्याचीही सोय दिली. झिप करण्याची कीबोर्डची रीत मात्र जुनीच चालते. कंट्रोल-ए ने सगळ्या फाइली निवडा, शिफ्ट-एफ10 ने मेन्यू उघडा, बाणांनी ‘सेंड टू’ वर जा, तिथे ‘कॉम्प्रेस्ड फोल्डर’ निवडून एंटर दाबा. उघडताना त्याच मेन्यूत ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’. स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्या दृष्टिहीन मित्रांसाठी हीच खरी वाट आहे.

म्हणून आमच्या जिल्ह्यात लाखांदूरपासून तुमसरपर्यंत संगणक शिकवणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: फाइली आवळायला चोरीचं सॉफ्टवेअर संगणकात टाकण्याआधी मुलांना एवढ्या कळा शिकवा. लागणारी सोय त्यांच्या संगणकात आधीपासूनच आहे.