उजेडाचा पत्रा

कौलारू घरावर चढणे आपल्याकडे कुणाला नवे नाही. उन्हाळा सरत आला, रोहिणीचे दिवस आले, की माणूस छपरावर चढतो. फुटकी कौले काढतो, नवी सरकवतो. एखादे वेळी पायाखालचे कौल मोडते. पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. थोडे खरचटते. खालून म्हातारी ओरडते, "अरे, जपून!" झाले, एवढेच. माणूस काही खाली येत नाही.

का येत नाही? कारण कौलांच्या खाली रिपा असतात. दोन रिपांमध्ये जेमतेम फूटभर जागा. त्यांच्या खाली वासे. एवढ्याशा फटीतून माणूस निसटत नाही.

आता सिमेंटच्या पत्र्याची शेड पाहा. गुरांचा गोठा, कोंबड्यांची शेड, खताचे गोदाम, एमआयडीसीतले कारखाने, जिकडे तिकडे हे पत्रे आहेत. त्यांच्या खाली रिपा नाहीत. आडवे लोखंडी अँगल असतात, तेही चार-साडेचार फुटांवर. मध्ये सगळे मोकळे. पत्रा स्वतः ६ मिलिमीटर जाड, म्हणजे आपल्या करंगळीहूनही बारीक. दोन अँगलांच्या मधोमध पाय पडला आणि पत्रा मोडला, की अडवायला काही नाही. माणूस थेट जमिनीवर.

छप्पर बदलले, पण आपली चढायची सवय कौलांचीच राहिली. घात होतो तो इथे.

शिवाय हा पत्रा आधी सांगत नाही. बांबू वाकतो. लाकूड करकरते. सिमेंटचा पत्रा वाकतही नाही आणि वाजतही नाही, एकदम तुटतो. "मी गेल्या वर्षी याच पत्र्यावर चाललो होतो," असे पुष्कळ जण सांगतात. चालला असाल, बाबा. पण मधे एक पावसाळा गेला, एक उन्हाळा गेला. बोल्टच्या भोकाजवळ बारीक चीर पडली. ती वरून दिसत नाही.

याहून वाईट तो उजेडाचा पत्रा. शेडमध्ये दिवसा अंधार पडू नये म्हणून मधून मधून एक-एक पत्रा फायबरचा घालतात. काचेचे बारीक धागे आणि रसायनाची राळ, यांचा तो बनतो. नवा असतो तेव्हा दुधासारखा उजळ. पण उन्हाने तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. त्याच्यावर धूळ बसते, पाला पडतो, शेवाळ धरते. कुणी ऊन कमी यावे म्हणून वरून चुना मारतो. त्याच्या लाटा बाकीच्या पत्र्यांसारख्याच असतात. मग वर उभ्या असलेल्या माणसाला कळायचे कसे, की उजेडाचा कुठला?

लोखंडी पत्र्याच्या शेडवर तर हा धोका आणखी फसवा. तिथे बाकीचे पत्रे चांगले असले तर वजन धरतात. सात पावले नीट पडली म्हणून माणूस निर्धास्त होतो. आठवे पाऊल फायबरवर पडते. आम्ही तर म्हणतो, त्याला पत्रा म्हणूच नये. ते वर कापड टाकलेले भोक आहे, असेच समजावे.

सोळा फुटांवरून पडायला एक सेकंद लागतो. जमिनीला लागताना वेग ताशी ३५ किलोमीटर झालेला असतो. एका सेकंदात माणूस काय सावरणार?

म्हणून पहिला प्रश्न हा, की वर चढायलाच हवे का? गळती कुठे आहे, हे खालून दिसते. छताचा दिवा खालून बदलता येतो. पत्रासुद्धा पुष्कळदा परांची बांधून खालून बदलता येतो. वेळ जास्त जातो, हे खरे.

चढावेच लागले, तर आधी शेडच्या आत जाऊन वर बघावे. उजेड कुठून येतो ते मोजून ठेवावे. पत्र्यावर पाय द्यायचा नाही, फळीवर द्यायचा. फळी दोन फूट रुंद, आणि तीन अँगलांवर टेकेल एवढी लांब, म्हणजे दहा फूट तरी हवी. ती घसरू नये म्हणून बांधावी. फळ्या दोन लागतात. एकीवर उभे राहायचे, दुसरी पुढे सरकवायची. एकच फळी असली, तर ती उचलताना उभे कुठे राहणार?

बोल्टच्या रांगेवरून चालावे, खाली अँगल असतो, असे काही जाणते लोक सांगतात. अँगल असतो, ते खरे. पण तो दोन-तीन बोटे रुंद. ती तारेवरची कसरत झाली. तोल गेला, की पाय पत्र्यावरच पडतो.

पट्टा घालावा तो खांद्यांवरून आणि मांड्यांमधून जाणारा. नुसता कमरेचा नको. दोर कैचीला किंवा दुसऱ्या भक्कम लोखंडाला बांधावा, पत्र्याच्या बोल्टला नव्हे. आणि दोर इतका लांब नको, की तो ताणला जाण्याआधीच माणूस जमिनीवर पोचेल!

नवी शेड बांधत असाल, तर उजेडाच्या पत्र्याखाली जाड तारेची जाळी अँगलांना पक्की करून घ्या. हा खर्च एकदाच होतो. काम झाले, की शिडी उतरवून ठेवा. पोरांचा चेंडू पत्र्यावर जातो, आणि चेंडूमागे पोर जाते.

कारखान्यात कोण चढतो? बहुतेक वेळा रोजंदारीचा माणूस. मुकादम म्हणतो, "पाच मिनिटांचं काम आहे, चढ पटकन." सोलरच्या काचा पुसायच्या असतात, नाहीतर पन्हळीतला पाला काढायचा असतो. एकट्याने नाही म्हणणे जड जाते. उद्याचा रोज बुडेल ही भीती असते, ती काही खोटी नाही. तेव्हा दोघा-तिघांनी मिळून सांगावे, "साहेब, फळ्या आणि पट्टा द्या, लगेच चढतो." हे काही उपकार मागणे नव्हे. कामाची जागा सुरक्षित ठेवणे हे कायद्याने मालकाचेच काम आहे. कामावर इजा झाली तर भरपाई द्यावी, हा नियमही आपल्या देशात १९२३ सालापासून चालत आला आहे. मात्र हजेरीत आपले नाव आहे ना, ते आधी पाहावे. नाव नसले, की भांडायला पुरावा राहत नाही.

जुना सिमेंटचा पत्रा फोडू नये, कापूही नये. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसात जाते, आणि दुखणे पुष्कळ वर्षांनी उमटते.

कुणी पडलाच, तर त्याला बगलेत हात घालून उठवू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. मान किंवा पाठीचा कणा मोडला असेल, तर हलवल्याने माणूस जन्माचा अधू होतो. आहे तिथेच निजू द्या. डोके हलू देऊ नका. श्वास चालतो ना, ते पाहत राहा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. १०८ नंबरला फोन करा. फोनवर गावाचे नाव, फाट्याचे नाव आणि किती उंचीवरून पडला, ते सांगा. शेड गावाबाहेर असते, गाडीवाल्याला सापडत नाही. म्हणून एक माणूस फाट्यावर पाठवून उभा करा.