‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे कोठे?

ऑक्टोबर महिन्यात हवामानाचा अंदाज आपण सगळेच ऐकतो आणि बहुधा चुकीचा ऐकतो. काही वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात नोकरीनिमित्त असताना एका शेतकऱ्याने मला विचारले होते, “रावसाहेब, रेडिओ ‘तुरळक’ म्हणतो. माझं शेत त्या तुरळकात येतं की नाही, तेवढं सांगा.” त्याचे भात कापणीला आले होते. कापलेले भात भिजले, तर दाण्याला मोड येतात. म्हणजे प्रश्न वर्षभराच्या अन्नाचा होता.

हवामान खात्याच्या भाषेत हे शब्द सैल नाहीत. देशाचे ३६ हवामान-उपविभाग आहेत. कोकण व गोवा हा त्यांतला एक. उपविभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर किमान अडीच मिलिमीटर पाऊस अपेक्षित असेल, तर ‘तुरळक ठिकाणी’. ५० टक्क्यांपर्यंत ‘काही’, ७५ टक्क्यांपर्यंत ‘बऱ्याच’ आणि त्यापुढे ‘बहुतेक ठिकाणी’. हे झाले विस्ताराचे माप. पावसाचे प्रमाण निराळे मोजतात. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर वा अधिक पडला, की तो ‘जोरदार’. म्हणून ‘तुरळक ठिकाणी जोरदार’ या शब्दांत विसंगती नाही. थोड्यांवरच पडेल, पण ज्यांच्यावर पडेल त्यांना झोडपून काढील.

मग खाते गावाचे नाव का सांगत नाही? नैर्ऋत्य मोसमी वारे सप्टेंबरच्या मध्यास पश्चिम राजस्थानातून परतू लागतात आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत देशाच्या बहुतेक भागातून निघून जातात. जाता जाता हवेत ओलावा उरतो, दुपारचे ऊन तापते आणि डोंगरकडेला गडगडाटी ढग उभे राहतात. असा ढग चार-दोन कोसांचा, तास-दोन तासांचा धनी. तो उठेल हे आदल्या दिवशी सांगता येते. कोणाच्या बांधावर रिता होईल हे रडार पाहून फार तर तीन तास आधी.

बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळाचे तसे नाही. ते शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि काही दिवस आधी त्याचा मार्ग दिसू लागतो. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर आदळलेल्या महावादळात सुमारे १०,००० माणसे मेली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच राज्यात, गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ आले, तेव्हा मृतांचा आकडा शंभराच्या पुष्कळच आत राहिला. अंदाज सुधारला होता, हे खरे. पण मधल्या काळात निवारे बांधले गेले होते, आणि लक्षावधी लोक घरे सोडून वेळेवर निघाले.

आमच्या तंजावरकर बांधवांना तर ‘परतीचा पाऊस’ हा शब्दच परका वाटावा. आपण छत्र्या गुंडाळतो त्याच सुमारास त्यांचा मुख्य पाऊस सुरू होतो!

त्या शेतकऱ्याला मी चारात एकाचा हिशेब सांगितला. त्याने क्षणभर डोंगराकडे पाहिले आणि त्या दिवशी निम्मेच भात कापले.