बागेतले फळ तोडा, पण धुऊनच खा

हिवाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीला गेलेली कुटुंबे स्ट्रॉबेरीच्या शेतात हमखास थांबतात. इथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सांगली जिल्ह्यात तासगावकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षबागा बहरात असतात. फळ तोडायचे आणि तिथेच तोंडात टाकायचे, यातच मुलांना मजा वाटते.

स्ट्रॉबेरी आणि द्राक्षे तोडल्यानंतर आणखी गोड होत नाहीत. म्हणून झाडावर पूर्ण पिकलेले फळच चवीला सरस. शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरीतून सुमारे ६० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्वही मिळते.

मात्र ही फळे सालीसकट खाल्ली जातात आणि रोग-किडींमुळे त्यांवर फवारणी करावी लागते. फवारणीनंतर किती दिवसांनी फळ काढायचे, हे औषधाच्या लेबलवर छापलेले असते. तेवढे दिवस झाले का, हे बागायतदाराला आधी विचारावे.

मग फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे. स्ट्रॉबेरीचा देठ धुतल्यावरच काढावा. धुण्याने माती, जंतू आणि सालीवरचे औषध कमी होते, आत मुरलेले जात नाही. म्हणूनच तो प्रश्न महत्त्वाचा.